उहुद, पानिपत आणि हरल्यानंतरची माणसं

आमच्या डोंबिवलीत पानिपतावर व्याख्यान असलं की सभागृह भरतं, आणि ते संपल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : चूक कुणाची? सदाशिवरावभाऊंची, मल्हाररावांची, की पुण्यात बसलेल्या नानासाहेबांची? विचारणाऱ्याच्या आवाजात खरी कळ असते. पण हरलेल्या समाजापुढे याहून अवघड प्रश्न उभा असतो, असं मला वाटत आलं आहे : ज्याच्या हातून चूक झाली, त्या माणसाशी उद्या वागायचं कसं? याचं एक फार जुनं उत्तर इस्लामच्या आरंभीच्या इतिहासात सापडतं.

इ.स. ६२५. मक्केचं सुमारे ३,००० सैन्य मदिनेवर चालून आलं. गावातच राहून लढावं, असा प्रेषित मुहम्मदांचा कल होता. तरुणांना मैदान हवं होतं. मसलत झाली, तरुणांचं म्हणणं मान्य झालं. वाटेतच मदिनेतला एक पुढारी अब्दुल्ला इब्न उबय्य सुमारे ३०० माणसं घेऊन परत फिरला. उरले ७०० च्या आसपास. उहुद डोंगराजवळच्या एका टेकाडावर ५० तिरंदाज बसवले आणि त्यांना बजावलं, काही झालं तरी जागा सोडू नका. मक्केचं सैन्य मागे हटू लागलं, लूट दिसली आणि बहुतेक तिरंदाज खाली उतरले. मक्केकडून लढणाऱ्या खालिद इब्न वलीदच्या घोडेस्वारांनी तेवढ्यात पिछाडी गाठली. सत्तरेक माणसं पडली. प्रेषितांचे काका हमझा त्यांत होते. खुद्द प्रेषितांचा चेहरा जखमी झाला, दात तुटला, ते गेल्याची आवई उठली आणि कित्येकांनी पळ काढला.

या पराभवाचा विचार कुराणाच्या तिसऱ्या सूरेत, आल-इम्रानमध्ये, आला आहे. तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. हे कसं झालं, या प्रश्नाला तिथे आडपडदा न ठेवता उत्तर दिलं आहे : तुमच्याच करणीनं. जय-पराजयाचे दिवस माणसांत फिरत असतात, असंही सांगितलं आहे. पण विचार तिथे थांबत नाही. प्रेषितांना सांगितलं जातं की या लोकांशी मृदूपणे वाग, त्यांना क्षमा कर आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत जा. नुकतीच मसलत अंगाशी आली होती. दुसरा कुणी सेनापती म्हणाला असता, यापुढे मी सांगेन तेच होईल. इथे मसलत चालू ठेवण्याचीच आज्ञा झाली.

लढाईच्या दुसऱ्याच दिवशी प्रेषित मक्केच्या सैन्याच्या मागावर हमरा-अल-असदपर्यंत गेले. बरोबर कोण? परंपरा सांगते की आदल्या दिवशी उहुदवर असलेल्यांनाच नेलं, ताज्या दमाच्या माणसांना नाही. जखमांवर पट्ट्या बांधलेली, कालची शरम मनात असलेली तीच माणसं. दोन वर्षांनी मक्केचं सैन्य पुन्हा चालून आलं, तेव्हा मदिनेतच राहून खंदक खणण्याचं ठरलं. ती सूचना सलमान फारसी या इराणी माणसाची. पुढे इब्न इसहाक आणि वाकिदी यांनी प्रेषितांचं चरित्र आणि मोहिमांचा इतिहास लिहिला, तेव्हा तिरंदाजांची चूक झाकली नाही. तिच्याशेजारी मेलेल्यांची नावंही लिहून ठेवली. आणि उहुदवर ज्यानं पिछाडी गाठली तो खालिदच पुढे इस्लामचा मोठा सेनापती झाला.

आपल्याकडे काय घडलं? १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीकडून पानिपतावर झालेल्या पराभवानंतरची पहिली प्रतिक्रिया नकाराची होती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, भाऊ म्हणवणाऱ्या तोतयामागे कोकणातले लोक आणि किल्लेही गेले. पुढे बखरी आल्या, त्यांत दैव आलं, रुसवेफुगवे आले. १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी अस्सल पत्रं छापली आणि पानिपताचा विचार ऐकीव गोष्टींवरून कागदावर आणला, हे त्यांचं मोठं ऋण. पण त्यांच्या प्रस्तावनेतही ठपका ठेवण्याचा आवेश आहे, आणि मराठ्यांचे उत्तरेतले कमाविसदार गोविंदपंत बुंदेले त्यातून सुटत नाहीत. हा म्हातारा माणूस अब्दालीची रसद तोडायला गेला आणि डिसेंबर १७६० मध्ये मारला गेला. त्याचं शीर भाऊंच्या छावणीत पाठवण्यात आलं. आधी कामचुकारपणाचा बोल, मग असं मरण, आणि नंतरही बोलच! त्र्यं. शं. शेजवलकरांनी इंग्रजीत १९४६ आणि मराठीत १९६१ साली पानिपतावर ग्रंथ लिहिले, तेव्हा एकेका माणसाच्या गुणदोषांपलीकडचं राजकारण नीट पटावर आलं.

गंमत नव्हे, दुःख याचं वाटतं की लिहिणाऱ्यांच्या कितीतरी आधी एका सोळा वर्षांच्या मुलानं चुकलेल्यांना सोबत घेऊन चालणं करून दाखवलं होतं. माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले. दुसऱ्याच वर्षी काका रघुनाथराव निजामाची मदत घेऊन उलटले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव लढाई थांबवून आपण होऊन काकांच्या छावणीत गेले. पानिपतात एक पिढी गेली होती. उरलेली आपसात कापून काढायची नव्हती. काकांच्या कारभाराला विटून गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, नागपूरचे जानोजी भोसलेही गेले. दोघांनाही परत आणलं. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. शत्रूनं घेरलेल्या रघुनाथरावांना सोडवायला धावले ते माधवरावच. काका पुन्हा उठले, तेव्हा १७६८ मध्ये धोडपला त्यांना पकडून शनिवारवाड्यात ठेवलं. क्षमेला मर्यादा होती, पण जीव घेतला नाही. १७७१ मध्ये मराठी फौजा दिल्लीत परत शिरल्या. त्यांत महादजी शिंदे होते, पानिपतावर पाय अधू झालेले. त्यांना तिथून वाचवणाऱ्या राणेखान या भिस्त्याला त्यांनी भाऊ मानून सरदार केलं.

हे सांभाळणं संपलं, तेव्हा उभारीही संपली. १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्यांचे धाकटे भाऊ, पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि पुढे पेशवेपदावरून हटवलेले रघुनाथराव इंग्रजांच्या दारात जाऊन बसले. त्याची पहिली किंमत आपल्याच परिसरानं मोजली. पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये घेतलेला ठाण्याचा किल्ला, आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढच्या युद्धात कल्याण आणि वसईही गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहात कल्याण आणि वसई परत मिळाली. ठाणे आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.