मीही त्यातलाच का?



या वेळी अन्नसेवेबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण दोन महिन्यांपासून एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, ती आधी सांगते. अन्नसेवा पुढच्या वेळी.

आपल्याच ग्रुपवर मी एक मेसेज पुढे पाठवला होता. मेलेल्या पेशंटला तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवलं, अशी ती गोष्ट. कुठलं गाव, कुठलं हॉस्पिटल, कधीची घटना, काहीच लिहिलेलं नव्हतं. खाली नुसते हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’. सकाळची घाई, गॅसवर पोहे, मी अंगठा दाबला आणि विसरूनही गेले. ग्रुपमध्ये आपले डॉक्टरसाहेबही आहेत, हे डोक्यातच आलं नाही. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी ते मंडळाच्या हॉलमध्ये तीस-चाळीस पेशंट बघतात आणि एक पैसा घेत नाहीत. त्या गुरुवारीही आले. शेवटची आजी तपासून झाल्यावर मी चहा नेऊन दिला, तेव्हा कप हातात घेत हसून म्हणाले, “वहिनी, मीही त्यातलाच का हो?”

मी म्हटलं, “छे छे, तुमचं कुठं काय!” घरी येईपर्यंत लक्षात आलं की हे उत्तर मेसेजपेक्षाही वाईट होतं. तुम्ही त्यातले नाही म्हटलं, म्हणजे बाकीचे सगळे त्यातलेच, हे मी त्यांच्या तोंडावर सांगून आले होते.

पण मग खरं उत्तर काय द्यायचं? सगळं खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. तीन वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव सांगत नाही) सव्वादोन लाख खर्च येईल म्हणाले. घरी सोडायच्या दिवशी कागद हातात आला तो तीन लाख साठ हजारांचा. त्यात हातमोजे, कापूस, आणि मला वाचताही न येणाऱ्या चाळीसेक ओळी. आमच्या ह्यांनी काउंटरवर विचारलं तर मुलगा म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये असंच येतं.” मुलीसाठी ठेवलेली एफडी मोडली. घरी येताना गाडीत आम्ही दोघं ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना बोल लावत होतो. त्याच सर्जननी सासूबाईंना तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं होतं. त्या तीन लाख साठ हजारांतले त्यांच्या हातात किती पडले, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. इमारत, मशीन, औषधांचं दुकान, इम्प्लांटची कंपनी, यातलं कुणीच आमच्यासमोर येऊन बसत नव्हतं. समोर येत होते फक्त डॉक्टर, म्हणून राग त्यांच्या वाट्याला गेला.

संशयाला आधार नसतो असं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची किंमत ३० हजारांच्या आत आली. त्याआधी तोच स्टेंट लोकांनी लाख-लाख रुपये देऊन बसवून घेतला होता. ज्यांनी तेव्हा दागिने गहाण टाकले, त्यांना विश्वास ठेवा म्हणायला मला तरी तोंड नाही. शिवाय आपल्याकडे आजारपणाचा खर्च बराचसा घरातूनच जातो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांहून जास्त होता. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात तो ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे खरं, तरी शंभरातले चाळीस रुपये आपलेच. घाबरलेला माणूस चिडका होतो.

पण घाबरलेले तेही आहेत, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी धीर करून डॉक्टरसाहेबांची माफी मागितली, तेव्हा ते मेसेजबद्दल काहीच बोलले नाहीत. मुलाबद्दल बोलले. मुलगा एमबीबीएस झालाय, पुढच्या शिक्षणासाठी बसतोय. बापाचा दवाखाना चालवणार नाही म्हणतो. त्याला अशी शाखा हवी आहे जिथे पेशंट समोर येत नाही, नुसते फोटो आणि रिपोर्ट येतात. “मार्क नसते तर समजू शकलो असतो,” साहेब म्हणाले, “पण त्याला माणसांची भीती वाटते, वहिनी.”

ही भीती कुठून येते? २०२२ च्या मार्चमध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात एक बाळंतीण रक्तस्रावाने गेली. दवाखान्यासमोर निदर्शनं झाली, पोलिसांनी डॉक्टरीणबाईंवर खुनाचा गुन्हा नोंदवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जीव दिला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव किती झपाट्याने माणूस नेतो, हे आपल्या आज्यांना विचारा. त्या बाळंतिणीच्या घरच्यांचं दुःख लहान नव्हतं. पण दुःखाला लगेच गुन्हेगार लागतो, तिथे काहीतरी चुकतं.

आपण डॉक्टरला एक तर देव म्हणतो, नाहीतर लुटारू. मला वाटतं, दोन्हीत आपली सोय आहे. देव म्हटलं की त्याला फी मागायचा अधिकार नाही, थकायचा नाही आणि चुकायचा तर मुळीच नाही. लुटारू म्हटलं की आभार मानायचं काम उरत नाही. अभ्यास केलेला, झोप न झालेला, कधी चुकणाराही एक माणूस समोर बसला आहे, असं धरलं तर मात्र आपल्याला काहीतरी करावं लागतं. नीट विचारावं लागतं, नीट ऐकावं लागतं.

माझ्याच घरातलं सांगते. मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं. कॉलनीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, वीस मिनिटं प्रश्न विचारले, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हृदयाचं काही दिसत नाही, ॲसिडिटी आहे, रात्रीचं जेवण लवकर करा, पुन्हा दुखलं तर लगेच या. तपासणीचे तीनशे आणि ईसीजीचे वेगळे. घरी येताना हे कुरकुरले, “काही नाही सांगायचे तीनशे!” त्यांनी दोन-तीन हजारांच्या तपासण्या लिहिल्या असत्या तर हे बिनतक्रार करून आले असते, कारण हातात रिपोर्टची फाइल आली असती. ज्याने पैसे वाचवले त्याची फी डोळ्यावर आली. सराफ्यात रात्री दोघांच्या खाण्याचे तेवढेच होतात, तिथे कुणी कुरकुरत नाही. मग नको त्या तपासण्या लिहून देतात म्हणून ओरडताना, तसं न करणाऱ्याला आपण कसं वागवतो हेही बघायला हवं ना?

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. ते चांगलंच झालं, अन्याय झालेल्याला दाद मागायला जागा मिळाली. पण त्याच निकालात असंही आहे की जिथे सगळ्यांनाच फुकट तपासतात, ती सेवा त्या कायद्यात येत नाही. म्हणजे आपल्या गुरुवारच्या ओपीडीत आपण ग्राहक नाही. मग कोण आहोत? आणि शुक्रवारी त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात फी देऊन बसलो, की लगेच दुसरं कुणी होतो का? मला तसं वाटत नाही. फी दिली की त्यांच्या वेळेचं आणि शिक्षणाचं देणं फिटतं. आपल्या माणसासाठी त्यांनी जीव लावला, त्याचं फिटत नाही, आणि बरं होण्याची हमी तर फीमध्ये नसतेच.

यावर सरकारने काहीतरी करावं, असं आपण सगळेच म्हणतो. सरकार करतंही. २०१८ पासून आयुष्मान योजना आहे, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न बघता. (सासूबाईंच्या वेळी हे नव्हतं. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचे कुणी आहेत आणि कार्ड काढलेलं नाही, त्यांनी या आठवड्यात काढा. अडलं तर मला फोन करा.) पण खासगी हॉस्पिटलांची ओरड असते की दर कमी आणि पैसे उशिरा. शेजारच्या राजस्थानात २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा झाला. तातडीच्या वेळी आधी पैसे न घेता उपचार करा, असं त्यात होतं. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये समझोता झाला. तेव्हा मला डॉक्टरांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचा प्रश्न साधा होता: नंतर पैसे कोण आणि कधी देणार? आणि दाराशी तडफडणाऱ्या पेशंटचाही प्रश्न तितकाच साधा होता.

आमच्या घरी आम्ही एवढंच ठरवलंय की खर्च आधी स्पष्ट विचारायचा, जमल्यास लिहून घ्यायचा, वाढला तर त्याच दिवशी कारण विचारायचं. विचारण्यात अपमान नाही. साहेब म्हणाले, त्यांनाही तसे पेशंट बरे वाटतात. न विचारता मनात धरून घरी गेलेले नंतर बाहेर बोलतात. आणि बरं वाटल्यावर एक फोन करून कळवायचं. ह्यांनी कॉलनीतल्या डॉक्टरांना तसा केला, तर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “बरं वाटलं म्हणून फोन? बोला ना, काय त्रास होतोय?” ह्यांना दोनदा सांगावं लागलं की काही होत नाहीये.

तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. दोन-तीन दिवस उलटले की सगळ्यांसाठी डिलीट करता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून ज्यांनी तो वाचला, त्या सगळ्यांसाठी हे इथे लिहिलं. साहेबांना आधी वाचायला दिलं होतं. त्यांनी फक्त मुलाच्या शाखेचं नाव काढायला सांगितलं.

गुरुवारची ओपीडी नेहमीप्रमाणे साडेपाच वाजता. नावं नोंदवायला एक जण कमी पडतो आहे, कुणाला जमत असेल तर कळवा.