केळीच्या पानातली पाठराखीण

मे महिन्यात भरदुपारी रावेर-यावलकडच्या केळीबागा पाहाव्यात. पानांचे दोन्ही भाग मधल्या शिरेपासून खाली मिटलेले असतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे गेलेला असतो. शेतकऱ्याने बांधाला वारा अडवायला शेवरी लावलेली असते, ठिबक सुरू असतं, घड उन्हाने भाजू नयेत म्हणून त्यांच्यावर वाळली पानं झाकलेली असतात. बाहेरून करण्यासारखं तेवढंच. बाकीची राखण पान स्वतःच करतं.

ती राखण कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे. पानाचा हिरवेपणा हरितलवकांत असतो. प्रत्येक हरितलवकात पातळ पडद्यांच्या चकत्या रचलेल्या असतात आणि त्या पडद्यांत ऊन झेलणारी प्रथिनं रोवलेली असतात. पण ही प्रथिनं तिथे तयारच होत नाहीत. त्यांचा नमुना पेशीच्या केंद्रकात जपलेला, घडण बाहेरच्या पेशीद्रवात, आणि नेमणूक हरितलवकाच्या अगदी आतल्या पडद्यावर. वाटेत हरितलवकाची दुहेरी भिंत ओलांडायची आणि मग आतला पाणथळ भागही पार करायचा. अडचण अशी की पडद्यात राहणाऱ्या या प्रथिनाचा पिंडच तेलकट. पाण्यात एकटं सोडलं तर ते आपल्याच भावंडांना चिकटतं, गोळा होऊन बसतं, आणि मग त्याचा काही उपयोग उरत नाही.

म्हणून त्याच्यासोबत पाठराखीण दिलेली असते. नवरीबरोबर सासरी जायचं, चार दिवस तिला सांभाळायचं आणि माघारी यायचं; त्या संसारात तिचा वाटा नाही. पेशीद्रवात हे काम एचएसपी-७० या जातीची प्रथिनं करतात. नव्या प्रथिनाचे चिकट भाग झाकून त्याला दारापर्यंत आणतात. आत गेल्यावर सीपीएसआरपी-४३ आणि त्याचा जोडीदार सीपीएसआरपी-५४ त्याला ताब्यात घेतात, पडद्यातल्या अल्ब-३ नावाच्या प्रथिनापाशी पोचवतात, आणि तिथे ते पडद्यात रोवलं जातं. मग पुढच्या खेपेला ही जोडी मोकळी.

४३ क्रमांकाची ही पाठराखीण नसेल तर काय होतं, हे अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर पाहिलं गेलं आहे. रोप मरत नाही, पण फिकट पिवळट होतं. अशा रोपाचं नाव शास्त्रज्ञांनी ‘केऑस’ ठेवलं, म्हणजे गोंधळ! नाव ठेवणारा विनोदी असावा.

पाठराखीण प्रथिनांच्या या सगळ्या जातीचा शोध उष्णतेशीच जोडलेला आहे. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा या इटालियन संशोधकाच्या फळमाश्या चुकून जास्त उबेत राहिल्या, आणि त्यांच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुकं जागी होतात, हे त्यातून कळलं. एचएसपी म्हणजे उष्णतेच्या धक्क्याची प्रथिनं, हे नाव त्यावरून पडलं. पुढे १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी प्रथिनांच्या घडणीला मदत करून बाजूला होणाऱ्या सगळ्याच प्रथिनांची एक जात मानली. त्यांचं स्वतःचं काम हरितलवकातल्या रुबिस्को या प्रथिनावर होतं. म्हणजे ही कल्पना रुजली तीही एका हिरव्या पानातच.

मला सर्वात जास्त विस्मय वाटतो तो ४३च्या हातोटीचा. एचएसपी-७०ला कामासाठी पेशीतलं इंधन, एटीपी, जाळावं लागतं. ४३ मात्र गोळा होऊन बसलेली प्रथिनं एटीपी न जाळता सोडवू शकतं, नुसतं त्यांना धरून. गाठ सोडवण्याचं हे कसब कुठल्याही खर्चाच्या खात्यात मांडलेलं दिसत नाही.

आणि कडक ऊन पडलं की? बर्लिन आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की तापमान चढलं की ४३ आपल्या ५४ या जोडीदाराला सोडतं आणि हरितद्रव्य बनवणाऱ्या विकरांना उष्णतेने बिघडण्यापासून सांभाळतं. पोचवण्याचं काम बाजूला ठेवून राखणीला उभं राहणं, हे त्याच एका प्रथिनाला जमतं. उन्हाळ्यात बाग वाढायची थांबली की आपण ‘केळी नुसती उभी आहे’ म्हणतो. ते मला आता पटत नाही.

ही निरीक्षणं अ‍ॅराबिडॉप्सिसवरची आहेत, आणि त्याचा जन्म काही खान्देशातल्या उन्हात झालेला नाही. केळीच्या पानात ४५ अंशांना ४३ काय करतं, श्रीमंती आणि ग्रँड नैन या वाणांत त्याबाबत काही फरक पडतो का, मृगबाग आणि कांदेबाग या दोन लागवडींची पानं एकसारखीच टिकतात का, हे प्रश्न आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावेत. जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. आणि उन्हाची तर इथे कधीच टंचाई नाही.