खिडकीवर चार, उतारावर सात

रविवारी सांगलीतल्या गेम झोनमध्ये तिकिटाच्या खिडकीशी जो मुलगा चार वर्षांचा होता, तो आत स्केटिंगच्या मोठ्या उताराशी पोचेपर्यंत सात वर्षांचा झाला. दोन्ही वेळा वय वडिलांनीच सांगितलं. खिडकीवर पाचच्या आत तिकीट अर्धं, आणि उतारावर सहाच्या वर प्रवेश. रांगेतल्या एका आजींनी हटकलं, तर उत्तर आलं, "त्याला काय कळतंय व्हय! तेवढं चालतंय की."

हे वाक्य मला सहन होत नाही. याच मुलाला आईच्या मोबाइलचं कुलूप उघडता येतं. पाहुणे आले की त्याला उभं करून शिवगर्जना म्हणायला लावतात. त्याच्या अबॅकसच्या क्लासची फी भरताना, पोरगं वयाच्या मानानं किती हुशार आहे, हे हेच वडील चारचौघांत सांगतात. मग तिकिटाच्या खिडकीशी आल्यावर त्याची समज जाते कुठे? रविवारी त्या मुलाला कुणी काही विचारलंही नव्हतं. त्यानं आपणहून चार बोटं वर केली आणि बरोबर जमलं ना, म्हणून वडिलांकडे पाहिलं. म्हणजे गाडीतच पढवून आणलं होतं. ज्याला काही कळत नाही, त्याला पढवावं कशाला लागतं? त्याला पुरतं कळलेलं असतं. पैसे द्यायचे असले की वय कमी सांगायचं, हौस भागवायची असली की जास्त, आणि पकडले गेलोच तर हसायचं.

"सगळेच सांगतात", "अंगानं थोराड आहे" ही उत्तरंही आली. त्यांवर वेळ घालवत नाही.

उताराशी उभ्या कर्मचाऱ्यानं हेल्मेट पुढे केलं, मुलानं ते घातलंही. पट्टा मात्र लोंबत राहिला. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीला डोक्यावरून निघून जातं, हे मी याच स्तंभात पुन्हा पुन्हा लिहितो आणि लिहीत राहणार. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट घालायला सांगतं. सांगली-मिरज रस्त्यावर टाकीवर बसवलेली उघड्या डोक्याची मुलं रोज दिसतात. त्यांचंही वय बहुधा चारच्या पुढे जात नसावं.

एका वडिलांनी चीनच्या जंग हाओहाओचा दाखला दिला. अकरा वर्षांची पोर २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या स्केटबोर्डिंगला उतरली, मग आमच्या पोराला उतारावर का अडवता? ती खरं वय सांगून उतरली, एवढंच माझं म्हणणं. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. एवढ्या लहान वयात जगज्जेती, म्हणून तिचं कौतुक जगभर झालं. ते कौतुक तिच्या जन्मतारखेवर उभं आहे. क्रिकेट मंडळाला मात्र मुलांच्या मनगटाच्या हाडांची तपासणी करून वय ठरवावं लागतं, कारण पालकांच्या शब्दावर आणि दाखल्यावर विश्वास उरलेला नाही.

२५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये पंचवीसहून अधिक माणसं जळून मेली. त्यांत मुलं होती. त्या दिवशी तिकीट ९९ रुपये होतं, आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. तेव्हा आपण मालकांवर संतापलो, ते योग्यच होतं. आता मुलाचं वय खोटं लिहून 'स्वतःच्या जबाबदारीवर' या ओळीखाली सही करणारा बाप कोणती जबाबदारी घेतो? मालकांनाही सांगणं आहे: वय विचारूच नका. भिंतीवर उंचीची रेघ मारा. मोठ्या उद्यानांत पाळण्यांसाठी उंचीच मोजतात, तिथे कुणाचं काही अडत नाही.

एसटीत पाचच्या आत तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं. पाचवं लागून दोन महिने झालेलं पोर मांडीवर घेऊन माणमधून साताऱ्याला मजुरीला निघालेली बाई कंडक्टरला "चारचंच हाय" म्हणाली, तर मी खिडकीबाहेर बघेन. बरेच कंडक्टरही तेच करतात. पण गाडी लावून, चावी बोटाभोवती फिरवत आलेल्या माणसानं ही सवलत मागू नये. आणि निदान पोराच्या हेल्मेटचा पट्टा तरी लावावा.