स्टँड कुणासाठी घ्यायचा

बार्शीत एका फोटो स्टुडिओत दोन पोरं काम शिकत होती. थोरला चपळ होता, धाकटा सावकाश. दोघंही मालकांना काका म्हणत. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा काकांनी दोघांच्या हातात सारखेच पैसे ठेवले. "फ्लॅशसाठी स्टँड आणा. कसले आणि किती, ते तुमचं तुम्ही ठरवा."

थोरल्याने चार आणले. वजनाला हलके, पाय उलटे वर दुमडले की हातभर लांबीचे होणारे. चारही एकाच पिशवीत बसत आणि पिशवी एका खांद्यावर मावे. खोक्यावर उंची छापलेली होती आणि किती किलो पेलतो तेही छापलेलं होतं. धाकट्याने तेवढ्याच पैशांत दोनच आणले. त्यांची नळी जाड होती, पाय लांब होते, आवळायच्या मुठी भक्कम होत्या. मूठ सैल झाली तरी वरचा दिवा धाडकन खाली येऊ नये म्हणून नळीत हवेची उशी होती. बरोबर कॅनव्हासच्या रिकाम्या पिशव्या होत्या, वाळू भरायला.

"दोन स्टँडांत स्टेज कसं उजळणार?" थोरल्याने विचारलं.

काकांनी कुणालाच शाबासकी दिली नाही. मागच्या अंगणात त्यांनी थोरल्याचा एक स्टँड पूर्ण उंचीवर उभा केला, वर फ्लॅश आणि उजेड मऊ करणारी छत्री लावली आणि छत्रीच्या दांड्याला बोटाने ढकललं. स्टँड हलला, पण उभा राहिला. मग ते फिरून दुसऱ्या बाजूला आले आणि तेवढ्याच जोराने ढकललं. स्टँड पडायलाच निघाला, काकांनी तो वरच्या वर धरला.

"पहिल्यांदा मी पायाच्या दिशेला ढकललं, आता दोन पायांच्या मधल्या दिशेला. पाय मधल्या नळीपासून दीड फूट पसरला असेल, तर पायाच्या दिशेला आधार दीड फुटाचा मिळतो. दोन पायांच्या मध्ये तो निम्म्यावर येतो, पाऊण फूट. पडायचा असला की स्टँड तिकडूनच पडतो."

धाकट्याने आशेने आपला जाड स्टँड पुढे केला. काकांनी त्यालाही तसंच ढकललं. जोर जास्त लागला, पण मधल्या दिशेला तोही कलला.

"म्हणजे माझाही पडणार?"

"तीन पायांचा कुठलाही पडतो. तुझा उशिरा पडेल एवढंच. पाय दुमडलेले राहू देऊ नकोस, पुरते पसर. ज्या बाजूला वजन झुकलंय त्या बाजूला एक पाय कर. नळी काढताना जाड आधी काढ, सगळ्यांत बारीक शेवटी, आणि गरज नसेल तर ती आतच राहू दे."

"पण काका, खोक्यावर किलो लिहिलेत की," थोरला म्हणाला.

"ते सरळ ठेवलेल्या वजनाचे. वाऱ्याचे नाहीत आणि वऱ्हाडाचेही नाहीत." काका ओट्यावर बसले. "पोरांनो, फ्लॅश फुटला तर नवा घेता येतो. तो ज्याच्या डोक्यावर पडेल त्याचा विचार करून स्टँड घ्यायचा. आपण लोकांच्या घरच्या कार्यात जातो. तिथल्या माणसांना आपल्या सामानाची काही कल्पना नसते. ती कल्पना आपल्याला असावी लागते."

मला हे फार मोलाचं वाटतं. स्टँड घेताना माणसं उंची विचारतात, वजन विचारतात, भाव तर विचारतातच. त्याच्याखाली कोण उभं राहणार, हे कुणी विचारत नाही. आणि लग्नात नेमकं तेच विचारायला हवं. मंगलाष्टकं चालू असतात तोवर सगळे जागेवर असतात. आंतरपाट दूर झाला, हार पडले, की सगळं वऱ्हाड एकदम स्टेजकडे सरकतं. करवल्या कडेने वाट काढतात, लहान मुलं मोठ्यांच्या पायांतून घुसतात आणि प्रत्येकाची नजर नवरा-नवरीवर असते. स्टँडचा पसरलेला पाय कोण बघतो?

मे महिन्यात गावाबाहेरच्या एका लॉनवर गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. काकांनी स्टेजची एकेक बाजू एकेकाला दिली. थोरल्याने हलका स्टँड पूर्ण उंचीवर नेला आणि त्यावर पांढरी छत्री लावली. नवरीच्या चेहऱ्यावर काय सुंदर उजेड आला! तिच्या मामीने कॅमेऱ्यात बघून कौतुकही केलं. धाकट्याने बारीक नळी आतच ठेवली, एक पाय गर्दीकडे केला आणि वाळूची पिशवी खाली पायावर, जमिनीलगत टाकली. उंचावर टांगली असती तर ती वाऱ्यात झुलली असती. पायांना त्याने पिवळी पट्टी गुंडाळली. मग पश्चिमेकडे बघितलं. ढग भरून आले होते. त्याने छत्री उतरवली आणि नुसता फ्लॅश ठेवला.

"तुझ्या बाजूच्या सावल्या कडक येतील," थोरला म्हणाला.

"येऊ देत," धाकटा म्हणाला.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि वळवाचा वारा उठला. मांडवाचं कापड फडफडलं. थोरल्याच्या छत्रीत वारा शिडासारखा भरला. तिच्याखाली एक चिमुरडी सांडलेल्या अक्षता परकराच्या ओच्यात गोळा करत बसली होती. थोरल्याने कॅमेरा गळ्यात सोडून दिला, धावत जाऊन स्टँडला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडून त्या पोरीला बाजूला काढलं. वरची नळी वाकली, छत्री उलटी झाली. तेवढ्यात तिकडे हार पडले, वाजंत्री वाजली. ते फोटो धाकट्याच्या बाजूने निघाले, कडक सावल्यांसकट.

रात्री सामान आवरताना थोरला गप्प होता. काका त्याच्याजवळ बसले. "हाराचा फोटो सोडून तू तिथं धावलास. मला एवढं पुरे." मग त्यांनी बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. साडेतीन फुटांची छत्री, आठ फुटांची उंची, ताशी 15 किलोमीटरची साधी झुळूक. दीड फूट पायांचा स्टँड मधल्या दिशेला पडू नये, तर सामानासकट त्याचं वजन 10 किलोंहून जास्त हवं. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 30 किलोमीटरला 40 किलोंच्या वर.

धाकटा आकड्यांकडे बघत राहिला. "म्हणजे काका, माझी पिशवीसुद्धा पुरली नसती."

"छत्री ठेवली असतीस तर नसती पुरली. तू ती काढलीस."

थोरल्याचे उरलेले तीन स्टँड काकांनी टाकून दिले नाहीत. घरातला साखरपुडा असेल, बंद खोली असेल, नुसता फ्लॅश बेताच्या उंचीवर लावायचा असेल, तर ते चांगलं काम देत. मोकळ्यावर मात्र जाड स्टँड, वाळू आणि प्रत्येक छत्रीमागे एक माणूस, असं ठरलं. त्या माणसाची मजुरी बिलात लिहायची हेही ठरलं.

पुढच्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे वडील आले. त्यांनी कागद वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा माणूस कशाला?"

काका काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, "छत्री धरायला. वारं सुटलं तर तो ती मिटून घेईल."

"तेवढे पैसे कमी होत नाहीत का?"

"होतात की. मग छत्री लावणार नाही. फोटोत सावल्या जरा कडक येतील, पण चेहरे स्वच्छ येतील." आणि त्याने कपाटातून त्या लॉनवरच्या लग्नाचा अल्बम काढून धाकट्याने टिपलेले हाराचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

वडिलांनी ते सावकाश बघितले, लग्न लॉनवर आहे की कार्यालयात ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि माणूस ठेवायला सांगून आगाऊ रक्कम मोजायला घेतली.