विद्येचे ऋण आणि दूरचे बालक

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या माथी तीन ऋणे सांगितली आहेत : देवऋण, ऋषिऋण व पितृऋण. पैकी ऋषिऋण अध्ययन व अध्यापन यांनी फिटते. या दृष्टीने आजच्या एका प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल.

बालरोगतज्ज्ञ बहुतांशी शहरांत राहतात. दुर्गम खेड्यांतील आजारी अर्भकांना मात्र त्यांचे दर्शनही दुर्लभ असते. तेथे जाणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे काय? कोणी म्हणेल, फी भरून मिळविलेल्या विद्येचा विनियोग कोठे करावा, हा ज्याचा त्याचा अधिकार होय. परंतु वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो बहुधा सार्वजनिक रुग्णालयातील गोरगरिबांच्या रोगशय्येपाशी. त्यांच्या वेदनांचे मोल कोणत्याही फीमध्ये धरलेले नसते. म्हणून हे ऋण खरे आहे.

ते फेडण्याचा एक मार्ग गडचिरोलीने दाखविला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. पुढे ३९ गावांत त्यांनी गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाची निगा शिकविली : वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट आढळली. हा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन अशी निगा घेऊ लागल्या. अध्यापनाने ऋण फिटते याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

तथापि येथेच समाधान मानणे धर्मास धरून होणार नाही. फार अपुऱ्या दिवसांच्या वा हृदयदोष असलेल्या बालकास तज्ज्ञाचाच हात हवा. आपल्या नातवासाठी आपण निष्णात वैद्य शोधावा आणि परक्याच्या बाळाला कार्यकर्ती पुरे म्हणावे, ही समदृष्टी नव्हे.

मात्र सारा त्याग एकट्या डॉक्टरकडून मागणेही अन्यायाचे होईल. औषधे, परिचारिका, राहावयास घर, मुलांना शाळा ही तरतूद शासनाने व समाजाने करावयाची आहे. आणि आपल्याच घरातील डॉक्टर कन्या वा पुत्र दुर्गम भागी जाऊ म्हणेल, तेव्हा त्याची वाट न अडविणे, हा त्या ऋणातील आपला वाटा होय.