गुढी, गाठी आणि आपली श्रद्धा



पाडव्याला शेजारच्या घरून साखरेची गाठी येते आणि प्रश्न पडतो: वसंताच्या या सणात आपण किती सहभागी व्हावे?

वसंत कोणा एका धर्माचा नाही. आपल्या मराठवाड्यात कडुनिंबाला पालवी फुटते ती सर्वांसाठीच. आपला ईस्टरचा रविवारही वसंतसंपातानंतरची पौर्णिमा पाहूनच ठरतो. कारण प्रभूचे मरण व पुनरुत्थान वल्हांडणाच्या दिवसांत घडले आणि तो सण वसंतातलाच. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात शिकवले.

मग आपणही गुढीची पूजा करावी का? आम्हाला येथे प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. पूजा ही मनातल्या श्रद्धेची वाणी आहे. मनात नाही ते हातांनी केले, तर देवाशी आणि शेजाऱ्याशीही आपण खोटे बोलतो. त्याच्या श्रद्धेची नक्कल करणे म्हणजे तिचा मान राखणे नव्हे.

पण गाठी परत करणे, सणाला नावे ठेवणे, हाही प्रेमाविरुद्ध अपराधच. पाडवा बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळात येतो. गोडाचा त्याग केला असला तरी ती गाठी हसतमुखाने घ्यावी. उपवास देवासाठी असतो, शेजाऱ्याला दुखावण्यासाठी नव्हे.

आणि ईस्टरला आपल्या घरचे गोडधोड घेऊन आपण त्याच्या दारी जावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.