एका तुकड्याची कसोटी

एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी आम्ही पानांची पार्श्वभूमी तयार करीत होतो. जुन्या हातकागदाच्या छायाचित्रातून २०० पिक्सेल लांबी-रुंदीचा एक चौकोनी तुकडा कापला. वेगळी सूचना दिली नाही, तर ब्राउझर असा तुकडा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून फरशी बसवावी तसा आडवा-उभा मांडत जातो. १२०० बाय ८०० पिक्सेलच्या पडद्यावर तो २४ वेळा उमटतो.

त्या तुकड्यात शाईचा एक बारीक ठिपका होता. एकट्या तुकड्यात तो आमच्या नजरेला आला नव्हता. पडद्यावर मात्र चोवीस ठिपके रांगेने उभे राहिले आणि कागद दिसेनासा झाला.

तेव्हा कान्ट आठवला. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने कसोटी सांगितली ती अशी, की आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचाच नियम व्हावा, असे आपल्याला म्हणता आले पाहिजे. ‘माझ्या एकट्याने काय होते?’ असे म्हणणाऱ्याला ते चोवीस ठिपके उत्तर देतात. आडनाव ऐकून एखादा घरमालक ‘जागा नुकतीच गेली’ म्हणतो. त्याच्या हिशोबी ते एकदाच बोललेले, कुणाला न दुखावणारे खोटे असते. तेच वाक्य गल्लीतल्या प्रत्येक दारातून ऐकू आले, की भाडेकरूला दारे दिसत नाहीत, सलग भिंत दिसते. पण घरमालकालाच का बोलावे? नवख्या लेखकाचे लेखन न वाचता परत करताना ‘यंदा जागा नाही’ असे आम्हीही लिहिले आहे.

दुसरी अडचण कडांची होती. तुकडा एकटा असतो तोवर त्याच्या कडा निर्दोष वाटतात. शेजारी तोच तुकडा आला की सांधा उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे चित्र आडवे आणि उभे निम्म्याने सरकवायचे. एका बाजूने बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येतो, कडा मध्यावर येतात आणि अधिकच्या चिन्हासारखा सांधा समोर दिसतो. मगच तो दुरुस्त करता येतो. कडेवरच्या माणसाचे दुखणेही मध्यावर आणल्याशिवाय दिसत नाही.

ठिपका पुसताना मात्र हात अडखळला. तो कुणाच्या तरी टाकातून सांडला असेल. साऱ्या खुणा पुसल्या की पार्श्वभूमी उत्तम होते, कारण मग तिच्याकडे कुणी पाहत नाही. माणसांवरही हाच इलाज सुचवणारे असतात: सगळे सारखे करा, म्हणजे सांधा दिसणार नाही. इथे गफलत होते. ही कसोटी वागण्याला लावायची असते, माणसाला नव्हे. वागणे हजारदा उमटले तरी टिकावे. माणूस एकदाच उमटतो.

पार्श्वभूमीतला ठिपका आम्ही पुसला. मूळ छायाचित्र ठिपक्यासह जपून ठेवले आहे. आणि यापुढे कुणाचे लेखन परत करायचे झाले, तर ते आधी वाचायचे असे ठरवले आहे.